काकू, हे कशानं निघेल?

दसरा-दिवाळी जवळ आली की या सदरात पाककृतींची पत्रं थांबतात आणि डागांची सुरू होतात. यंदाच्या पत्रांतली तीन निवडली आहेत. पुण्यात तांबट आळीच्या तोंडाशी आमचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे तांब्या-पितळेवर मी जरा जास्त बोलेन. सांभाळून घ्या.

*काकू, आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. नळांवर, सिंकवर पांढरे थर बसतात. मोबाइलवर पाहून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून सगळीकडे लावलं. छान फेस आला, पण थर तसेच. उलट ओट्याचा कडप्पा जागोजागी पांढुरका पडला. – एक वाचक, सोलापूर*

फेस दिसला की काम होतंय असं वाटतं, आणि या नुस्ख्याची सगळी पुण्याई त्या फेसावरच आहे. आंबट आणि सोडा एकमेकांचा जोर मारतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वाटीत उरतं बिनकामाचं खारट पाणी. पांढरा थर आणि धातूचा काळेपणा यांना आंबट लावायचं. तेल, तूप, चिकटा यांना सोडा. दोन्ही एका वाटीत घालायचं नाही.

नळावरचा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, चहाचा एक चमचा पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा. जुन्या बनियनची चिंधी त्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासानं दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा, धुवा आणि कोरडं पुसा. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्रभर मात्र गुंडाळून ठेवू नका, नळाचा मुलामा जाईल.

आता कडप्पा. तोही चुनखडीचाच दगड, म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट. जे आंबट नळावरचा थर खातं, ते ओट्याची पॉलिशही खातं. शहाबादी, कोटा, संगमरवर, जुन्या मोझॅइकमधल्या संगमरवराच्या खड्या, सगळ्यांची तीच गत. शहाबाद गाव तुमच्यापासून गुलबर्ग्याच्या जरा पुढे, तेव्हा तुमच्या घरात न्हाणीपासून अंगणापर्यंत तीच फरशी असणार. तिथे फरशी पुसायच्या पाण्यात लिंबू-व्हिनेगर काही नको. ओटा ग्रॅनाइटचा आहे की कडप्प्याचा हे कळत नसेल तर आडोशाच्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. मंद डाग राहिला तर चुनखडी समजा. ओट्याची गेलेली चमक घासून परत येणार नाही. खोबरेल तेलाचा हात फिरवलात तर चार दिवस काळा दिसेल आणि मग धूळ धरेल. खरा उपाय पॉलिशवाला. रोजच्यासाठी साबणाचं कोमट पाणी आणि मागून कोरडं फडकं पुरतं.

जाता जाता एक. ‘सगळं एकत्र केलं की जोरात काम करतं’ असं मानणारे लोक संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडरही एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. हे कधीही करायचं नाही.

*काकू, आजीचा तांब्याचा बंब, पितळी समई आणि कल्हईचं पातेलं माझ्याकडे आलंय. चिंचेनं घासलं की लखलखतं, पण दोन दिवसांत पुन्हा डाग! सासूबाई म्हणतात, राखेनं घास. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये राख कुठून आणू? – एक नवी संसारीण*

अगं, चिंच बरोबरच आहे. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, मीठ त्याला जोर देतं. पण खालून निघालेलं ताजं तांबं उघडं असतं. त्यावर चिंच-मिठाचा अंश किंवा पाण्याचे थेंब राहिले की डाग तिथूनच सुरू होतात. म्हणून गुलाबी रंग आला की भरपूर पाण्यानं धू, मग एकदा साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी आणि लगेच फडक्यानं कोरडं कर. उन्हात नुसतं निथळत ठेवू नकोस, थेंब जागच्या जागी सुकतात. आणि यासाठी नवी चिंच फोडू नकोस. आमटीला कोळून उरलेला चोथा, सारातली आमसुलं, पिळलेल्या लिंबाची सालं चालतात.

बंबाला हात लावण्याआधी बघ, शोभेसाठी कुणी त्यावर लॅकर मारून घेतलंय का. मारलं असेल तर नुसतं ओलं फडकं. अंगावर हातोडीच्या ठोक्यांचे गोल ठसे असतील तर ते मठारकाम. ते दिसायला सुंदर असतंच, शिवाय ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. त्यावर तारेची घासणी फिरवलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

समईचं उलट आहे. तिच्यावर आधी तेलाचा चिकटा, त्याखाली काळेपणा. चिकट्यावर चिंच चालत नाही. आधी तिचे भाग उलगडून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेव (हातमोजे घाल), धू, आणि मगच चिंच. कल्हईच्या पातेल्याला आतून यातलं काहीच नको. कथलाचा तो थर पातळ असतो. मऊ कापड आणि साबण बास. आतून पिवळं पितळ डोकावायला लागलं की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात आंबट शिजवायचं नाही.

राहिली राख. सासूबाईंचं चुकत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेल तोडतं, आणि तिचे कण घासायला मदत करतात. पण चुलीतून ती फुकट मिळायची म्हणून वापरात होती. आता तीच राख पुडीत बांधून ऑनलाइन विकतात, ती घेऊ नकोस. धुण्याचा सोडा तेच काम करतो. फक्त ॲल्युमिनियमच्या भांड्याला तो लावू नकोस, भांडं काळं पडेल.

*चांदीची ताटली काळी पडली आहे. टूथपेस्टनं घासू का? – एक गृहस्थ, चिपळूण*

नको, चरे पडतात. मोठ्या पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, ताटली तिला टेकेल अशी ठेवा, वरून उकळतं पाणी आणि दोन-तीन चमचे खायचा सोडा. चांदीवरचा काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचा थर. यात गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी झिजत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खिडकी उघडा. नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या ठेवलेल्या असतील, किंवा मोती-खडे बसवलेले असतील, तर हा उपाय करू नका. नक्षी पुसट होईल, मोती खराब होतील.

मग कोरडी करून सुती कापडात गुंडाळा आणि वर रबरबँड लावू नका. रबरातही गंधक असतं.