स्लीव्हनंतर पोळी अडकते, उलटी होते, जेवायची भीती वाटते: जरा सविस्तर उत्तर

तू लिहिलंयस की स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन) होऊन तीन महिने झाले, मऊ खिचडी, वरण, दही सगळं व्यवस्थित जात होतं, पण पोळी-भाजी सुरू केल्यापासून दोन-तीन घासांतच छातीत मधोमध अडकतं, तोंडात फेसाळ लाळ येते, मधूनच उलटी होते, आणि नेरूळला घरी सासूबाई म्हणतात एवढुश्यानं काय होणार, अजून अर्धी घे. आता ताट समोर आलं तरी धस्स होतं म्हणालीस. आणि शेवटी गणपतीत मोदक चालेल का ते विचारलंयस. माझीही स्लीव्हच झालीय, बरीच वर्षं झाली आता, राहते ठाण्यात, नोकरी ऐरोलीला, म्हणजे डबा, लोकल, लग्नकार्यं सगळं करून झालंय, म्हणून लिहिते.

आधी उलटीचं बोलू कारण ते महत्त्वाचं आहे. भरभर खाल्लं, घास मोठा होता आणि एखाद्या वेळी उलटून पडलं तर ते या काळात होतं बऱ्याच जणांना. पण मऊ पदार्थ किंवा पाणीसुद्धा टिकत नसेल, रोज होत असेल, किंवा आधी जे जात होतं तेही जाईनासं झालं असेल तर वाट बघू नकोस, तुझ्या सर्जनना सांग. आत उरलेल्या जठराची नळी कुठे अरुंद झालीय का ते एन्डोस्कोपीत कळतं आणि त्यावर उपाय असतो. दुसरं म्हणजे सतत उलट्या झाल्या की शरीरातलं थायमिन म्हणजे बी-१ झपाट्यानं कमी होतं, आणि ते फार कमी झालं तर चालताना तोल जाणं, डोळ्यांना दोन-दोन दिसणं, विसरायला होणं इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते, त्यामुळे हे अंगावर काढायचं दुखणं नाहीच. ताप, पोटात जोरात दुखणं, नाडी खूप जलद, काळी शी यातलं काहीही झालं तर सरळ हॉस्पिटल.

आता अडकण्याचं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात हे तुला माहितीच आहे, पण नेमका कुठला भाग जातो ते कोणी नीट समजावत नाही. वरचा जो फुगरा, ताणला जाणारा भाग असतो ना, जेवण आलं की सैल होऊन जागा करून देणारा, तोच जातो. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोनही बरंचसं तिथेच तयार होतं म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. उरते ती एक अरुंद उभी नळी, ती फारशी ताणली जात नाही, त्यामुळे एक घास जास्त झाला की आतला दाब एकदम वाढतो आणि तो पोटात न जाणवता वर छातीत जाणवतो. म्हणजे आपण लहानपणापासून ज्या "पोट भरलं" वर थांबत आलो ते आता येतच नाही, त्याची वाट बघत बसलं तर उशीर होतो. नवीन खुणा वेगळ्या असतात. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, माझं नाक वाहायला लागतं, कुणाला नुसता एक खोल सुस्कारा येतो. तुझी खूण कोणती ते तुलाच शोधावं लागेल, दोन-चार दिवस जेवताना फोन, टीव्ही, गप्पा सगळं बंद ठेवून फक्त लक्ष दे. ती आली की थांबायचं, चमच्यात घास असला तरी. माझं ठाम मत आहे की आरामात जेवता येणं ९० टक्के या एका गोष्टीवर आहे, वाटी किती लहान घेतली यावर नाही.

पोळीचंच का होतं, तर कणीक ओली झाली की तिचा चिकट गोळा होतो आणि तो नळीत हळूहळू सरकतो. पाव तर त्याहून वाईट, वडापाव-पावभाजीचा विषय अजून बरेच महिने काढू नकोस. भात कुणाकुणाला फुगून जड होतो. पोहे कोरडे असतील तर तेही बसतात, चिकन ब्रेस्टचे कोरडे तुकडे तर हमखास. या सगळ्याला ओलावा हवा. मी पोळी परत सुरू केली ती अशी: पाव पोळी घ्यायची, कडा काढून टाकायच्या, नखाएवढे तुकडे करून आमटीत पूर्ण बुडवून ठेवायचे, पाचेक मिनिटं तशीच, मग लहान चमच्यानं एक तुकडा तोंडात, चमचा खाली ठेवायचा, अगदी पेज होईपर्यंत चावायचं (वीस-पंचवीस वेळा तरी), गिळायचं आणि मग थोडं थांबायचं. हातात चमचा धरून थांबता येत नाही, हात आपोआप ताटाकडे जातो, म्हणून खाली ठेवणं फार गरजेचं आहे. नाहीच जमलं तर महिनाभर पोळी सोडून दे, काही बिघडत नाही. मुगाचं मऊ धिरडं, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हे बऱ्याच जणांना पोळीपेक्षा आधी जमतं.

तसंही पोळी ही शेवटी. आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर धान्य. दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगतात, तुझ्या डाएटिशियननी आकडा दिला असेल तोच धर. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, म्हणजे नुसत्या वरणावर हे होत नाही हे लक्षात येईल. मासे खात असशील तर तू नशीबवान आहेस, ओले बोंबील कालवणात इतके मऊ शिजतात की चिकन ज्यांना आठ महिने जात नाही त्यांनाही ते जातात, पापलेटही छान, फक्त तळलेलं नको. खिमा रश्श्यात चालतो. शाकाहारी असशील तर पनीर हातानं बारीक मोडून पातळ ग्रेव्हीत, चक्का, मुगाचं वरण, आणि कमी पडलं तर प्रोटीन पावडर.

पाणी जेवताना नाही, आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तासही नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांना जड जातं, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे घामानं जीव जातो. दिवसाचं दीड-दोन लिटर घोट-घोट करूनच होतं, एकदम ग्लासभर जात नाही. मी बाटली हातातच ठेवते, ठाण्याला गाडीत बसले की ऐरोलीपर्यंत बारीक बारीक घोट चालू. सोडा, कोल्ड्रिंक बंद. घास अडकला म्हणून त्यावर पाणी पिऊ नकोस, तो खाली जात नाही, वर पाणी साठून जास्त दुखतं. उठून हळूहळू फेऱ्या मार, लाळ येईल ती थुंकून टाक, आणि बरं वाटलं तरी त्या वेळेला परत जेवायला बसू नकोस, पुढचं खाणं पातळ घे.

एक मात्र मनापासून सांगते, कारण हे मी आजूबाजूला खूप बघितलंय. अडकायची भीती बसली की माणूस जे सहज जातं तिकडे वळतं. चहा-बिस्कीट सहज जातं. वेफर्स, चकली, फरसाण, आइस्क्रीम सहज जातं, तोंडात विरघळतं आणि नळीतून सरकून जातं, त्रास शून्य. अंडं आणि मासा अडकतो म्हणून सुटतो आणि बिस्कीट राहतं. मग दोन वर्षांनी वजन परत चढतं, केस गळतात, हिमोग्लोबिन खाली, आणि माणूस म्हणतो मी तर काहीच खात नाही. त्रास होत नाही म्हणजे ते योग्य आहे असं धरू नकोस. जे हवंय तेच मऊ, ओलं करून जमवायचं. जेवण वीस-तीस मिनिटांत संपवायचं, तासभर ताट घेऊन चघळत बसलं की तेच चरणं सुरू होतं.

गोळ्या आयुष्यभर आहेत, त्या सोडू नकोस. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं तरी अंतर ठेव, लोहाच्या गोळीच्या आसपास चहा नको. बी-१२, डी, लोह यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करतच राहा. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, स्लीव्हनंतर अ‍ॅसिडिटी बऱ्याच जणांना होते.

सासूबाईंचं. त्या वाईट मनानं म्हणत नाहीत गं, आपल्याकडे माया ताटातच वाढतात. मी घरच्यांना घेऊन डाएटिशियनकडे गेले, त्यांनी लहानशा भांड्यात पाणी भरून दाखवलं की आता आत एवढंच मावतं, त्यानंतर आग्रह बंद झाला. तुझ्या तोंडून दहादा ऐकण्यापेक्षा हे बरं. आणि लहान ताटली, लहान चमचा तुझा वेगळा ठेव, रिकामं मोठं ताट दिसलं की कुणाचाही हात वाढायला पुढे जातो.

मोदकाचं. आधी डाएटिशियनला विचार, कारण गुळाचं एकदम आत गेलं की डम्पिंग म्हणजे गोड भरकन आतड्यात उतरून होणारा त्रास होऊ शकतो, जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांना जास्त होतं पण स्लीव्हलाही होतं काहींना: दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, आणि कधी एक ते तीन तासांनी साखर उतरून थरथर. त्यांनी हो म्हटलं तर उपाशीपोटी नको, आधी वरण किंवा पनीर असं प्रोटीन घे, मग उकडीचा अर्धा, गरम असताना, वर चमचाभर तूप. वरची कळी काढून टाक, तिथे पारी सगळ्यात जाड आणि चिकट असते, पोळीसारखीच बसते. तळणीचा मोदक या वर्षी राहू दे.