बुरूज, बुर्ज आणि विजापूरची उपली

प्रश्न असा: विजापूरच्या उपली बुरुजाला काही जण मनोरा म्हणतात, ते बरोबर का? आणि ‘बुर्ज खलिफा’तला बुर्ज म्हणजे आपलाच बुरूज का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. हो, तोच. पण दुबईची ती इमारत झाल्यापासून गडावर आलेली मंडळीसुद्धा ‘बुर्ज’ म्हणू लागली आहेत आणि वर आपल्यालाच सांगतात की शुद्ध शब्द तो, ‘बुरूज’ हा अपभ्रंश. अहो, मग ‘हुक्म’ सोडा, ‘जुल्म’ करा आणि ‘मुल्क’ जिंका! अरबी-फारसीतली जोडाक्षरं मराठीने अशीच फोडली. मधे स्वर घातला तोही आधीच्या स्वराचा पडसाद: हुक्मचं हुकूम, जुल्मचं जुलूम, फिक्रचं फिकीर, जख्मचं जखम. तसं बुर्जचं बुरूज.

इथे काही विद्वान शहाणपणा करतात. अरबीत बुर्जचं अनेकवचन ‘बुरूज’ आहे, तेव्हा मराठीने अनेकवचनच उचललं म्हणे. दिसायला छान, पण मग जुलूम, हुकूम कुठून आले? शिवाय मुलूख-मुलखात, जुलूम-जुलमी, तसंच बोलण्यात बुरूज-बुरजावर. मधला ऊ पाहुणा आहे, प्रत्यय आला की उठून जातो. (ज्यातला ऊ मूळचाच आहे ते ‘लाकूड-लाकडाचं’ दाखवून मला कोणी अडवू नये. पाहुण्याला घरच्यांचीच रीत लागली, एवढंच त्यातून ठरतं.) संस्कृत ‘पुर’वरून बुरूज काढणाऱ्यांना तर मी उत्तरच देत नाही. अरबीत हा शब्द ग्रीक ‘पिर्गोस’कडून, सिरियाक या जुन्या भाषेच्या वाटेने आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि गंमत बघा, अरबी-फारसीत बुर्ज म्हणजे राससुद्धा! मेष, वृषभ, मिथुन हे सगळे आकाशातले बारा बुरूज.

हं, मनोरा. तो ‘मनारा’वरून, म्हणजे उजेडाची जागा, ‘नूर’ त्याच धातूतला. मनोहरशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे बुरूज म्हटलं की बहुधा तटातून बाहेर आलेला. सरळ तटाच्या पायथ्याशी शत्रू चिकटला तर वरून दिसत नाही. बुरुजाच्या जंग्यांतून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, त्याला कडेने टिपता येतं.

उपली या व्याख्येत बसत नाही, हे कबूल. १५८४ च्या सुमारास आदिलशाही सरदार हैदरखानाने बांधलेला हा बुरूज तटापासून सुटा, शहराच्या आत, सुमारे ८० फूट उंच उभा आहे. दगडी पायऱ्या बाहेरूनच अंगाला वेढा घालत वर जातात. उपली म्हणजे उपरी, वरची. मराठी माणसाला मात्र ‘उपरी’त परका ऐकू येतो, आणि तटापासून तुटलेल्या या बुरुजाला तेही शोभतं.

तरी मनोरा नाहीच. वर चढून बघा: लोखंडी पट्ट्या जुळवून, त्यांवर कडी ठोकून केलेली ३० फुटांहून लांब तोफ पडली आहे. मनोऱ्यावर असलं ओझं कोण चढवतं?