दालन उघडं होतं, चित्र मात्र भिंतीवर नव्हतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानी चित्रकार होकुसाईची ‘कानागावाची मोठी लाट’ बघायला एवढ्या लांबच्या शहरात गेलात, निघण्याआधी ईमेल करून जपानी दालन त्या दिवशी उघडं असल्याची खात्री करून घेतलीत, आणि तिथे गेल्यावर त्या जागी दुसरंच चित्र. चौकशी खिडकीवर कळलं की ते ‘सध्या भांडारात’ आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय, तर काय करावं?

वाचताना जुनं दुखणं जागं झालं. मला सर्वात महागात पडलेली चूक हीच, म्हणून उत्तर बहुतेक तिच्याचभोवती फिरेल. सुटीचा वार बघणं, वेळ ठरवून तिकीट काढणं हे तुम्ही करताच, त्यात शिरत नाही.

चूक तुमच्या प्रश्नात होती. ‘दालन उघडं आहे का’ हा प्रश्न इमारतीबद्दलचा आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला खरंच मिळालं. चौकशी विभागाकडे दारांच्या वेळा आणि पहारेकऱ्यांच्या पाळ्या असतात. कोणती वस्तू आज कुठे आहे, कोणती बाहेर उसनी गेली आहे, कधी परत येणार आहे, ही नोंद रजिस्ट्रार नावाच्या अधिकाऱ्याकडे असते, आणि भिंतीवर काय लागणार हे त्या विभागाचा क्युरेटर ठरवतो. मोठ्या संग्रहालयांमधली देवाणघेवाण बहुधा वर्षभर किंवा त्याहून आधी ठरलेली असते. म्हणजे तुम्हाला हवी ती माहिती त्याच इमारतीत, दोन मजले वर, तयार असते. एका मोठ्या संग्रहालयाच्या चौकशी विभागाने मला तीन ईमेलना एकच छापील उत्तर पाठवलं: वेळांसाठी संकेतस्थळ पाहावे. तोच ईमेल योग्य विभागाकडे पुढे पाठवायला एक क्षण लागला असता. माणसं रजा टाकून, पैसे साठवून येतात, त्यांच्याशी असं वागणं मला आजही पटत नाही. असो.

आता कागदावरची चित्रं मुळात गायब का होतात ते समजून घ्या, कारण त्यावर तुमच्या सहलीची तारीख ठरते. छापचित्रं, रेखाटनं, जलरंग, लघुचित्रं, जुने फोटो आणि कापड यांना प्रकाशाने होणारी इजा साठत जाते आणि भरून येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी साधारण 50 लक्सची (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) मर्यादा पाळतात. तैलचित्रांना 150 ते 200 लक्स चालतो. हिशेब सोपा आहे. 50 लक्समध्ये रोज आठ तास म्हणजे दिवसाला 400 लक्स-तास, नव्वद दिवसांत 36,000. तेवढाच प्रकाश 200 लक्सच्या दालनात साडेबावीस दिवसांत पडतो. त्यामुळे असं चित्र काही महिने लावतात आणि मग पुष्कळ काळ, कधी कधी कित्येक वर्षं, अंधारात ठेवतात. तुमच्या वाट्याला आलेलं ‘भांडारात’ हे त्या चित्राचं नेहमीचं घर आहे. भिंतीवर ते पाहुणं असतं.

हे फक्त जपानी छापांचं नाही. जर्मन चित्रकार ड्यूररचा 1502 सालचा ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिनामध्ये आहे, पण तो जलरंगातला असल्याने मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात. एरवी लोक बघतात ती प्रतिकृती. लिओनार्दोचा ‘विट्रुव्हियन पुरुष’ व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयाच्या मालकीचा आहे, तोही कागदावर, तोही बहुतेक काळ बंद. ऑस्लोच्या मुंक संग्रहालयाने यावर चांगला उपाय काढला आहे: एडवर्ड मुंकच्या ‘किंकाळी’ या चित्राच्या त्यांच्याकडच्या आवृत्त्या आलटून पालटून दाखवतात, एका वेळी एकच, बाकीच्या झाकलेल्या. तिथे तासभर रेंगाळलात तर दुसरी आवृत्तीही दिसू शकते. घाईत एक बघून बाहेर पडणाऱ्यांना हे कळतही नाही.

म्हणून पाटी वाचायची सवय लावा. ‘फॅक्सिमिली’ (हुबेहूब प्रतिकृती) किंवा ‘कॉपी’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात. रिकाम्या जागी चिकटवलेली छोटी चिठ्ठीही वाचा. कित्येकदा वस्तू फक्त शेजारच्या दालनात किंवा त्याच इमारतीतल्या खास प्रदर्शनात गेलेली असते, आणि त्या प्रदर्शनाचं तिकीट वेगळं असतं.

आता पुढच्या वेळचं. संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत तुमची वस्तू शोधा आणि तिचा संग्रह क्रमांक उतरवून घ्या. नुसतं नाव देऊ नका. ‘मोठी लाट’ हे साधारण 1831 सालचं लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं चित्र आहे, त्याचे शंभराहून जास्त छाप आज शिल्लक आहेत, आणि एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे तीन आहेत. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. तुम्ही एकाबद्दल विचारता, तो विश्रांतीवर असतो, उत्तर ‘नाही’ येतं, आणि त्याच वेळी दुसरा कदाचित लागणार असतो. (बऱ्याच संग्रहालयांत क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे वस्तू संग्रहात आली ते साल. एकसारख्या नोंदींमधून आपली वस्तू ओळखायला याचा उपयोग होतो.) सूचीत ‘प्रदर्शनात आहे’ असं दालनाच्या क्रमांकासह लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण त्या ओळीवर विमानाचं तिकीट काढू नका. ती आजची स्थिती असते, तीही दुरुस्त व्हायला उशीर होतो. तुम्हाला हवी आहे ती पुढच्या वर्षीची.

मग ईमेल. तो सामान्य चौकशीच्या पत्त्यावर न धाडता थेट त्या विभागाला: आशियाई कला, मुद्राचित्रे (म्हणजे छापचित्रे) आणि रेखाटने, वस्त्रे, जे असेल ते. विभागांचे पत्ते बहुधा संशोधकांसाठीच्या पानावर सापडतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पाल्हाळ नको, कलाप्रेमाची प्रस्तावना नको. एवढं पुरे:

‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शहरात आहे. संग्रह क्रमांक अमुक (किंवा या चित्राचा तुमच्याकडचा कोणताही छाप) या काळात प्रदर्शनात असेल का? असल्यास कोणत्या दालनात? नसल्यास अभ्यासिकेत वेळ घेऊन पाहता येईल का? या तारखांच्या आधी किंवा नंतर तो प्रदर्शनात येणार असल्यास कृपया कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘नाही’ म्हणणारा माणूसही त्यामुळे ‘पण शरद ऋतूत लागणार आहे’ एवढं सांगून जातो, आणि सहलीच्या तारखा हलवणं तुमच्या हातात असतं. हे तिकिटं काढण्याआधी करा. जाण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा एकदा दोन ओळींत विचारा, कारण ठरलेलं उसनं जाणं पुढेमागे होतं.

आता अभ्यासिका. मोठ्या संग्रहालयांच्या मुद्राचित्र विभागात वेळ घेऊन मूळ चित्रं टेबलावर बघायला मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही. लोक उगीच बिचकतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं नवं भांडार 2025 मध्ये खुलं झालं. तिथे निदान दोन आठवडे आधी नोंदणी करून कुणीही भांडारातली वस्तू समोर मागवू शकतं. रॉटरडॅमच्या बॉयमान्स संग्रहालयाचं भांडार 2021 पासून लोकांसाठी उघडं आहे, मात्र ते फिरून बघायचं. माझं मत स्पष्ट आहे: कागदावरचं काम बघायचं असेल तर दालनापेक्षा अभ्यासिका केव्हाही सरस. काच नाही, गर्दी नाही, वेळ तुमचा. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, ते आधी वाचा. पण फोटो असलेलं ओळखपत्र, पिशव्या बाहेर, लिहायला फक्त शिसपेन्सिल आणि धुऊन कोरडे केलेले हात हे जवळपास सगळीकडे. कागदाला सुती हातमोजे सहसा घालायला लावत नाहीत, कारण त्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि कड फाटते. जुन्या फोटोंसाठी मात्र नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे देतात. एका बैठकीत मोजक्याच वस्तू मिळतात, तेव्हा यादी लहान ठेवा.

आणखी एक खड्डा. वस्तू भिंतीचाच भाग असेल तर इमारत बंद म्हणजे सगळंच बंद. बर्लिनचं पर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर 2023 मध्ये दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं, आणि तिथे उभारलेला प्राचीन बॅबिलोनचा इश्तार दरवाजा काही उचलून दुसरीकडे लावता येत नाही. उलट म्युनिकचं नॉये पिनाकोथेक दुरुस्तीसाठी बंद केलं तेव्हा त्यातली निवडक चित्रं समोरच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये हलवली. म्हणून ‘बंद’ वाचून नाद सोडण्याआधी संग्रह कुठे हलवलाय ते विचारा. काही मोठी संग्रहालयं माणसं कमी असली की ठरावीक दालनं ठरावीक वारी बंद ठेवतात. पॅरिसचं लूव्र असं वेळापत्रक प्रसिद्ध करतं. इतरत्र सकाळी दारातच विचारून घ्यावं.

शहराच्या ‘सर्व संग्रहालयं एकाच पासवर’ योजनांबद्दल माझं मत वाईट आहे. पास म्हणजे आरक्षण नव्हे. लूव्रला पास असला तरी वेळ वेगळी आरक्षित करावी लागते, आणि रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन-दोन तासांच्या ठरलेल्या पाळ्यांशिवाय प्रवेशच नाही. शिवाय पैसे वसूल करण्याच्या नादात माणूस दिवसाला तीन संग्रहालयं उरकतो. ज्यांना शहराची तोंडओळखच हवी आहे त्यांना पास सोयीचा पडेलही. तुमच्यासारख्या एका चित्रासाठी जाणाऱ्याला नाही.

हे सगळं सार्वजनिक संग्रहालयांबद्दल झालं. विक्रीच्या खाजगी कलादालनांत प्रदर्शन काही आठवडेच टिकतं आणि दोन प्रदर्शनांमध्ये जुनं उतरवून नवं लावेपर्यंत दार बंद असतं. तिथे फक्त उद्घाटनाची आणि समारोपाची तारीख बघायची.

आणि चित्र भिंतीवर मिळालंच, तर 50 लक्सच्या दालनात थेट उन्हातून शिरू नका. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात आणि तोवर सगळं मळकट दिसतं. आधी आतल्याच दुसऱ्या दालनातून फिरून या. गडद, बिनचमकीचे कपडे घाला. पांढरा सदरा काचेत चित्रावरच उमटतो. ‘मोठी लाट’ जेमतेम 25 गुणिले 37 सेंटिमीटरची आहे, तेव्हा जवळ जाण्याची तुमची पाळी येईपर्यंत थांबा. मग आधी वर डावीकडची शीर्षकाची चौकट बघा. ठोकळा झिजत गेला तशा तिच्या रेषा तुटत गेल्या. तुमच्यासमोरच्या छापात त्या किती सलग आहेत यावरून तो लवकरचा की उशिराचा, याचा अंदाज तिथेच उभ्या उभ्या बांधता येतो.