विषय विचारू नकोस, अडचण विचार

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कांद्यावरच्या सदराला विषय सुचेनात म्हणून तू वाचकांना विचारलंस, "पुढे कशावर लिहू?" उत्तरं आली ती अशी : "छान लिहिता", "भावावर लिहा", "सगळंच उपयोगी असतं". त्यावरून तू ठरवून मोकळा झालास की वाचकांना काही सांगायचंच नसतं. हे मला अजिबात पटलेलं नाही. विषय शोधणं हे लिहिणाऱ्याचं काम, ते शेतकऱ्याच्या गळ्यात कशाला घालायचं? त्याच्याकडे विषय नसतो, अडचण असते. तीच विचार.

लासलगावला लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून माणसं ताटकळत असतात, त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. तिथे जा आणि एकच प्रश्न टाक, "चाळ शेवटची कधी फोडली? आत काय निघालं?" (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) मग गप्प बस. तो म्हणेल, "वरचा माल बरा होता, खालचा सडला." तुझा हात लगेच 'साठवणूक व्यवस्थापन' असं लिहायला शिवशिवेल. लिहू नकोस. त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरव आणि त्याच्या मागे लाग. ढीग किती फूट लावला होता? पाच फुटांच्या वर गेला की तळाच्या थरावर दाब येतो आणि हवाही खेळत नाही. चाळीच्या तळातून वारा येत होता, की जमिनीवरच माल ओतला होता? काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलं होतं का? युरिया शेवटचा कधी दिला? रोपांच्या लागणीला दोन महिने उलटून गेल्यावर दिला असेल, तर कांद्याची मान, म्हणजे पात जिथे कांद्याला जुळते ती जागा, जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. उपटलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकू दिला, की लगेच कापला? कापताना इंचभर मान ठेवली, की पार मुंडण केलं? एका वाक्यातून सहा लेख निघाले, आणि सहाही लेखांची वाट पाहणारा माणूस तुझ्या समोर बसलेला आहे.

वहीत प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी हव्यात : तारीख, गाव, पिकाची अवस्था, त्याचं नेमकं वाक्य आणि त्याने आधी काय करून पाहिलं. शेवटची सगळे गाळतात. ती गाळलीस, तर त्याने केव्हाच करून सोडलेला उपाय तू पुन्हा त्यालाच सांगशील, आणि पुढच्या वेळी तो तुझ्याशी बोलणार नाही.

वेळही सांभाळ. उन्हाळ कांद्याच्या रोपाबद्दल ऑक्टोबर-नोव्हेंबरात विचार, लागणीबद्दल डिसेंबर-जानेवारीत. मार्चमध्ये रोपाबद्दल विचारलंस तर आठवणीतलं, गुळगुळीत झालेलं उत्तर मिळेल. फोनवर विचारणार असशील तर आवाजी निरोप मागव. टाइप करायला सांगितलंस की माणसं दोन शब्दांत उरकतात.

"करपा आलाय" एवढ्यावर कधीही थांबू नकोस. बुरशीमुळे पातीवर येणारा जांभळा करपाही करपाच, आणि फुलकिड्यांनी रस शोषून पात पांढुरकी झाली तरी बरेच जण करपाच म्हणतात. बुरशीनाशक फवारून फुलकिडे मरत नाहीत. पोंग्यातली, आतल्या पानांच्या बेचक्यातली जागा उघडून तिचा फोटो मागव. किडे दिसले तर तसं लिही. औषधाचं प्रमाण मात्र ऐकीव कधीच छापू नकोस. लेबल वाच, कृषी विज्ञान केंद्रात विचार, नाहीतर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाकडून खात्री करून घे.

आणि फक्त सातबारावर नाव असलेल्यालाच विचारत बसू नकोस, हे मी कितीदा सांगू? लागण करणाऱ्या, कांदा कापणाऱ्या, चाळ निवडणाऱ्या बायकांच्या हातून प्रत्येक कांदा जातो. जाड मानेचा माल कोणत्या वाफ्यातून आला, जोडकांदा कुठे जास्त निघाला, डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, किती होते, हे त्या बसल्या जागी सांगतात. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून त्यांच्या अडचणींवर छापूनही येत नाही.

किती जणांनी विचारलं याची मतमोजणी करू नकोस. भावाबद्दल शंभर जण बोलतील. तो राग खरा आहे, पण त्यावर तू दर आठवड्याला काय नवं सांगणार? रोप पिवळं पडून बसतंय असं एकच जण म्हणाला आणि वाफ्यात पाणी साचलेलं दिसलं, तर तो लेख आधी लिही. या बाबतीत मी हेकट आहे असं म्हणतात. म्हणोत. अडचण विचारून लिहिलेला लेख शेतकरी कापून ठेवतो, हे मी पाहिलेलं आहे, आणि म्हणूनच मागे हटणार नाही.

लेखाचा कच्चा खर्डा झाला की तो अडचण सांगणाऱ्यालाच वाचून दाखव. "समजलं का?" असं विचारू नकोस, मान डोलावून मोकळा होईल. "यातलं तुमच्याकडे काय जमणार नाही?" असं विचार. तो म्हणेल, "तीन दिवस सुकवायला सांगता, पण मजुरांची टोळी एकाच दिवसासाठी मिळते." हा तुझा पुढच्या आठवड्याचा लेख.