चीनमधल्या एखाद्या दानशूर माणसाचं जपून ठेवलेलं घर तुम्ही पाहिलं आहे का? मुद्दाम जाण्यासारखं असतं का?

हो, पाहिलं आहे. आणि चीनच्या आग्नेय किनाऱ्याकडे तुमचं जाणं होणार असेल तर वाट वाकडी करून जा, असंच मी सांगेन. हे घर चेन ज्यागेंग यांचं. फूज्यान प्रांतात श्यामेनच्या बेटासमोर जीमेई आहे, तिथे.

मी सिंगापूरला राहते. इथे मेट्रोच्या डाउनटाउन लाइनवर ‘तान का की’ नावाचं स्टेशन आहे. चेन ज्यागेंग यांचंच हे होक्क्येन, म्हणजे दक्षिण फूज्यानच्या बोलीतलं नाव. रोज त्या स्टेशनावरून जात होते, पण ते माणसाचं नाव आहे हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. स्टेशनाला लागून जी मोठी शाळा आहे तिचं मूळ त्यांनी १९१९ साली काढलेल्या चिनी माध्यमाच्या हायस्कुलात आहे, हे कळल्यावर मी त्यांच्याविषयी वाचायला लागले आणि मग थांबवेना. गेल्या खेपेला आई सोलापूरहून आली तेव्हा तिला घेऊन श्यामेनलाच गेले.

थोडं त्यांच्याविषयी सांगते, नाहीतर ते घर म्हणजे चार खोल्या वाटतील. जन्म जीमेईचाच, १८७४ चा. सोळाव्या-सतराव्या वर्षी सिंगापूरला वडिलांच्या तांदळाच्या पेढीवर आले. पुढे वडिलांचा धंदा बुडाला. ते देणं कायद्याने मुलावर येत नव्हतं, तरी यांनी ते फेडलं. अननसाचे डबे, तांदूळ, मग रबर असं करत १९२५ च्या सुमाराला ते त्या भागातल्या सगळ्यात मोठ्या उद्योजकांमध्ये गणले जात. आणि पैसा हातात येऊ लागल्यापासून तो शाळांकडे जात होता. १९१३ मध्ये जीमेईत प्राथमिक शाळा, मग मुलींची शाळा, मग शिक्षक, मासेमारी आणि नौकानयन शिकवणाऱ्या शाळा. १९२१ मध्ये श्यामेन विद्यापीठ. विद्यापीठासाठी त्यांनी सुरुवातीला दहा लाख आणि पुढच्या १२ वर्षांत मिळून तीस लाख द्यायचं कबूल केलं होतं. मग जागतिक मंदी आली, रबराचे भाव कोसळले. कर्ज देणाऱ्या बँकांना शाळांवरचा खर्च खुपायला लागला. त्यांनी सिंगापूरचा मोठा बंगला विकला पण विद्यापीठाला पैसे पाठवणं बंद केलं नाही. १९३४ मध्ये कंपनी बंद पडली. हे वाचताना मला भरून येतं, कारण धंदा वाचवायचा की शाळा, असा प्रश्न त्यांच्यासमोर खरोखरच उभा होता.

आता घर. १९१८ साली बांधलेलं, दुमजली, कमानींचं, आणि एवढ्या श्रीमंत माणसाच्या मानाने अगदी बेताचं. चीन-जपान युद्धात जपानी विमानांच्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झालं. जीमेईतल्या शाळांच्या इमारतींचंही तेच झालं होतं. १९५० मध्ये ते कायमचे परतले तेव्हा वय पंचाहत्तर. आधी शाळांच्या इमारती उभ्या केल्या, घराला हात लावला तो १९५५ मध्ये. तोपर्यंत स्वतः संस्थेच्याच एका इमारतीत राहिले. तुम्ही घरात शिराल तेव्हा हा क्रम डोक्यात असू द्या. घर लहान का, साधं का, हे त्यातच आहे.

आतल्या वस्तू पाहायला वेळ ठेवा. ठिगळं लावलेली छत्री, रफू केलेले कपडे, काठी. पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती एका फुटक्या कपापुढे. चिनीमातीचा साधा कप. तो उपडा करून त्याच्या बुडावर ते मेणबत्ती लावत आणि त्या उजेडात काम करत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्याकडे फुटकं घरात ठेवू नये म्हणतात. तुझ्या आजीने तर हा दारातच टाकला असता.” आणि थोड्या वेळाने, “पण ह्याला माहीत होतं, एका कपाचे पैसे कुठे लागतात ते.” रोजच्या जेवणावर त्यांनी स्वतःला पाच ज्याओची, म्हणजे अर्ध्या युआनची मर्यादा घालून घेतली होती. १९६१ मध्ये ते बेजिंगला वारले तेव्हा बँकेत तीस लाखांहून जास्त युआन होते. ते मुलाबाळांना गेले नाहीत, शिक्षण आणि सार्वजनिक कामांसाठी लावून दिलेले होते.

तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने आम्हाला कुठून आलात विचारलं. भारत म्हटल्यावर त्याने लगेच “के दिहुआ” म्हटलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. आई सोलापूरची, कोटणीसही सोलापूरचे, त्यामुळे ती त्याला कुठली सोडते! मी मोबाइलवर भाषांतर करत होते आणि ती सांगत होती की आमच्या गावातही त्यांचं घर असंच जपलेलं आहे. दोन्ही माणसं एकाच युद्धातली. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि त्याच वर्षी चेन ज्यागेंग आग्नेय आशियातल्या चिनी लोकांच्या मदतनिधीचे प्रमुख झाले. ब्रह्मदेशाच्या रस्त्याने रसद न्यायला तीन हजारांहून जास्त ड्रायव्हर आणि मेकॅनिक त्यांच्या हाकेला ओ देऊन गेले. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. सिंगापूर पडल्यावर जपान्यांपासून वाचायला ते स्वतः जावा बेटावर लपून राहिले. हा भाग घाईत उरकू नका.

घर पाहून झालं की समुद्राच्या टोकाला अओ युआनला चालत जा. तिथे त्यांची समाधी आहे, कासवाच्या पाठीच्या आकाराची, आणि भोवती दगडात कोरलेली शेकडो चित्रं. शाळेत जायला न मिळणाऱ्या माणसालाही पाहून शिकता यावं म्हणून प्राणी, झाडं, यंत्रं, इतिहासातले प्रसंग असं काय काय कोरलंय. वाटेत शाळांची छपरं बघा. इमारत पाश्चात्त्य, वर मात्र दोन्ही टोकांना वळलेलं दक्षिण फूज्यानचं छप्पर. तिथले लोक म्हणतात, सूट घालून डोक्यावर बांबूची शेतकरी टोपी.

जायचं कसं? श्यामेन मेट्रोची लाइन १ धरा आणि जीमेई श्वेत्सुन स्टेशनला उतरा. ही गाडी बेटावरून मुख्य भूमीवर येताना समुद्रावरून जाते, तेव्हा खिडकीची जागा पकडा. घराला आम्हाला तिकीट पडलं नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा. सगळ्या पाट्या इंग्रजीत नाहीत, मोबाइलमध्ये भाषांतराचं ॲप हवंच, आणि पैसे देण्याचं चिनी ॲप आधीच चालू करून घ्या. शाकाहारी असाल तर श्यामेनमध्ये विद्यापीठाच्या शेजारी नानपुतुओ मंदिर आहे, तिथलं शाकाहारी जेवण आईने मनापासून जेवलं. तेवढ्यात विद्यापीठही बाहेरून बघून होतं.

दोन-तीन तासांत हे सगळं उरकता येतं असं तुम्हाला कोणी सांगेल. ऐकू नका, अख्खा दिवस द्या, आणि घर दुपारी उशिरा बघा. आम्ही बाहेर पडलो तेव्हा शाळा सुटली होती. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं त्याच गल्लीतून तळ्याकडे पळत चालली होती आणि आई कडेला उभी राहून, त्यांची रांग संपेपर्यंत हलली नाही.