जुन्या स्विफ्टला क्रूझ बसेल का?

प्रश्न : माझी 2010 ची स्विफ्ट डिझेल आहे, एमएच 31. मुलगी छत्रपती संभाजीनगरला दिली, त्यामुळे समृद्धीवरून जाणं-येणं सुरूच असतं. तासन् तास अ‍ॅक्सिलरेटरवर पाय धरून उजवा गुडघा आखडतो. जावई म्हणतात, नवी घ्या. मला ही विकायची नाही. बाहेरून क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी यंत्रणा, बसवता येईल का? इथला एक दुकानदार स्वस्तात करून देतो म्हणतोय. (निवृत्त शिक्षक, मनीषनगर)

उत्तर : सर, येईल. तुमच्या गाडीला तर बऱ्यापैकी सोपं आहे, कारण या डिझेलला अ‍ॅक्सिलरेटरची केबलच नाही. पायाशी वाकून टॉर्च मारा. पेडलच्या वरच्या टोकाला एक कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि त्यातून निघालेल्या तारा दिसतील. आत दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हे दोघंही इसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, आपापलं सांगतात, आणि दोघांचं जुळलं नाही की इसीएम चेक लाइट पेटवून गाडीचा दम काढून घेतो. क्रूझचं किट याच कपलरच्या मध्ये बसतं आणि तुमच्या पायाऐवजी स्वतः सिग्नल देतं.

म्हणूनच मूळ तारा कापू देऊ नका. गाडीच्या कपलरला जसाच्या तसा जुळणारा हार्नेस (तारांचा तयार जुडगा) असलेलंच किट घ्या. तार सोलून, पिळून वर काळी टेप गुंडाळणारे खूप आहेत. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, बंद गाडीत त्या टेपचा गोंद पाझरतो आणि जोड उघडे पडतात. अशा गाड्या दर उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर उभ्या असतात, बाप्पा!

आता त्या स्वस्ताईबद्दल. दुकानदाराला एवढंच विचारा : स्पीडची तार कुठून घेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तो तुम्हाला क्रूझ विकत नाहीये, पेडल आहे त्या जागी धरून ठेवणारा डबा विकतोय. खरा क्रूझ गाडीचा वेग वाचतो आणि चढ-उतार पाहून सिग्नल कमी-जास्त करतो. डब्याला वेग कळतच नाही. चढावर गाडी मंदावेल आणि उतारावर तुम्ही न सांगता पळत सुटेल.

पण मी गाडी हातात घेते तेव्हा क्रूझ लागतो कसा याकडे नंतर बघते, सुटतो कसा ते आधी. ब्रेकला पाय लागता क्षणी तो सुटलाच पाहिजे. किटला ही खबर ब्रेक लाइटच्या स्विचकडून मिळते, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत हा स्विच झिजलेला किंवा सरकलेला असू शकतो. घरच्या कुणाला गाडीमागे उभं करा आणि पेडल हाताच्या बोटानं हळूच दाबा. पेडल जरासं हललं की दिवा लागायला हवा. जोर दिल्यावर लागत असेल, तर आधी स्विच बदला, किटचं नंतर बघू.

तसंच क्लचचं. क्रूझ चालू असताना क्लच दाबला आणि किटला ते कळलं नाही, तर ते वेग राखायला सिग्नल वाढवत राहतं आणि इंजिन बोंबलतं. क्लचच्या पेडलला स्विच नसेल तर वेगळा बसवून घ्या. त्याचे पैसे वाचवू नका.

काम झालं की थेट समृद्धीच्या सुरुवातीला, शिवमडक्याच्या टोलवर जाऊ नका. भल्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगात लावून बघा : ब्रेकनं सुटतो का, क्लचनं सुटतो का, बटणानं सुटतो का. तिन्ही हवेत.

समृद्धीवर मोटारीला 120 ची मर्यादा आहे म्हणून जुन्या गाडीनं 120 लावलंच पाहिजे असं नाही. मी तुमच्या जागी असते तर 90 वर लावलं असतं. पावसात अजिबात लावू नका. पाण्यावर चाक तरंगलं तर त्या क्षणी वेग सोडायचा असतो, आणि क्रूझ तो धरून ठेवायला बघतो. पाय मोकळा झाला की डोळे मिटायला लागतात, तेव्हा मध्ये थांबून चहा घ्याच. गुडघ्याचं म्हणाल, तर आधी सीट एक खाच पुढे घेऊन पाठ जराशी उभी करून बघा. पाय फार ताणून बसणाऱ्यांचा गुडघा असाच धरतो. कदाचित किटचा खर्चच वाचेल. आणि बसवलंतच, तर विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा.

प्रश्न : माझ्या जुन्या एस्टीमला थ्रॉटलची केबल ओढणारं क्रूझ किट आहे. इतकी वर्षं उत्तम चाललं. परवा मागचे ब्रेक लाइट एलईडी केले, तेव्हापासून क्रूझ लागतच नाही. किट गेलं का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : किट ठणठणीत असणार. अशी बरीच किटं ब्रेक लाइटच्या साध्या बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधतात. एलईडीतून ते मिळत नाही, मग किटला वाटतं ब्रेकचं सर्किटच तुटलंय, आणि ते लागायला नकार देतं. शहाणं आहे ते. मागच्या दोन बल्बपैकी एक जुना परत लावून बघा. तेवढ्यानं चालू झालं आणि तरीही दोन्हीकडे एलईडीच हवे असतील, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मध्ये एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) टाकून घ्या.