पुण्याहून आठ जण स्कॉटलंडला गोल्फ खेळायला येणार असतील तर कोर्स कोणते निवडावेत?

आपण आठ मित्र, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, जूनमध्ये दहा दिवसांसाठी स्कॉटलंडला येणार आहात आणि आपले हँडिकॅप (खेळाडूची कुवत दाखवणारा आकडा; तो जितका जास्त तितका खेळ कच्चा) १२ पासून २८ पर्यंत आहेत. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, मुअरफील्ड, टर्नबेरी आणि रॉयल डॉर्नॉक या पाचही ठिकाणी खेळायचे तर क्रम कसा लावावा, आणि इथे राहणारे मराठी खेळाडू एखाद्या दिवशी सोबत येऊ शकतील का, असे आपण विचारले आहे. मी एडिनबरामध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्या ओळखीच्या मंडळींच्या अशा फेऱ्या हौसेने आखून देतो, त्या आधारावर हे लिहीत आहे.

माझे पहिले म्हणणे असे की पाच नावांची ही यादी बाजूला ठेवावी. टर्नबेरी पश्चिम किनाऱ्यावर आहे, डॉर्नॉक इन्व्हर्नेसच्याही उत्तरेला आहे आणि सेंट अँड्र्यूज पूर्वेला आहे; या तिन्ही टोकांना जायचे ठरवले तर दहापैकी तीन दिवस गाडीत जातील, आणि आठ माणसे व आठ गोल्फबॅगा म्हटल्यावर ती गाडीही लहान चालणार नाही. डॉर्नॉक फार सुंदर आहे यात शंका नाही, पण त्याच्यासाठी वेगळी फेरी करावी. या वेळी मुक्काम दोनच ठिकाणी करावा: पहिल्या चार रात्री एडिनबराच्या पूर्वेला नॉर्थ बेरिक किंवा गलेन येथे, आणि उरलेल्या सहा सेंट अँड्र्यूजमध्ये. या दोन्ही मुक्कामांच्या आसपास इतके कोर्स आहेत की त्यांतले निम्मेही आपल्याकडून खेळून होणार नाहीत.

सुरुवात नॉर्थ बेरिकपासून करण्यामागे कारण आहे. पुण्या-मुंबईच्या कोर्सवर झाडांच्या रांगांमधून चेंडू उंच मारून ग्रीनवर (खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) थांबवायची आपल्याला सवय असते. इथल्या समुद्रकाठच्या कोर्सवर झाड जवळजवळ नसते, जमीन वाळूची व टणक असते, वारा कधी पूर्ण पडत नाही, आणि उंच मारलेला चेंडू कुठे जाईल हे मारणाऱ्याच्या हातात राहत नाही. चेंडू खाली ठेवून जमिनीवरून पळवायला शिकावे लागते, आणि ते शिकायला नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्ससारखी (लिंक्स म्हणजे असा समुद्रकाठचा कोर्स) दुसरी जागा मला माहीत नाही. तेथे तेराव्या होलला ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी गडगा आहे आणि त्यावरूनच चेंडू न्यावा लागतो. पंधरावा ‘रेडान’ हा तीन पारचा (म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला) होल तर जगभरच्या कोर्स-रचनाकारांनी इतक्या वेळा नक्कल केलेला आहे की मूळ पाहिल्यावर ओळखीचा वाटतो. आणि सोळाव्याच्या ग्रीनमधून मधोमध खोल घळ गेली आहे. समोर समुद्रात बास रॉक हा खडक गॅनेट पक्ष्यांमुळे उन्हाळ्यात पांढरा दिसतो. हा कोर्स माणसाला हसवतो, छळतो आणि तरी चिडू देत नाही, म्हणून वेगवेगळ्या कुवतीच्या गटासाठी तो मला फार योग्य वाटतो.

गलेनला तीन कोर्स आहेत आणि तिन्ही एकाच टेकडीवर, गावाला लागून. पहिल्या क्रमांकाचा कोर्स एकदा खेळावाच, कारण टेकडीच्या माथ्यावरून फोर्थची खाडी आणि पलीकडचा फाइफचा किनारा दिसतो. तिसऱ्या क्रमांकाचा कोर्स लांबीने कमी आणि शुल्कानेही हलका आहे. प्रवासाचा शीण घालवण्यासाठी पहिल्या दिवशी तोच घ्यावा. मुअरफील्डबद्दल माझे मत थोडे कडू आहे. १७४४ साली स्थापन झालेल्या क्लबचा तो कोर्स आहे, रचनेत दोष काढायला जागा नाही, पाहुण्यांना ठरावीक वारीच प्रवेश मिळतो आणि दुपारच्या जेवणाला कोट व टाय लागतो. त्या जेवणाची ख्याती मोठी आहे. पण तिथले उंच गवत २८ हँडिकॅपच्या माणसाचे चेंडू दिवसभर गिळत राहते आणि शुल्कही डोळे फिरवणारे आहे. आपल्यापैकी दोघा-चौघांना तीव्र इच्छा असेल तर त्यांनीच जावे, बाकीच्यांनी त्या दिवशी नॉर्थ बेरिकला दुसरी फेरी खेळावी.

आता सेंट अँड्र्यूज. तिथला ओल्ड कोर्स कोणत्याही खासगी क्लबच्या मालकीचा नाही. ती सार्वजनिक जमीन आहे आणि १९७४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट तिची व्यवस्था पाहतो. त्यामुळे ओळखपाळख असो वा नसो, कोणालाही तेथे खेळता येते, फक्त वेळ मिळणे दैवावर असते. खेळाच्या दोन दिवस आधी सोडत निघते. तिच्यात किमान दोन आणि जास्तीत जास्त चार जणांचा गट नाव देऊ शकतो आणि नाव द्यायला पैसे लागत नाहीत. आपण आठ असल्यामुळे चौघांचे दोन गट करून दोन वेगळे अर्ज द्यावेत, आणि एक गट निवडला जाऊन दुसरा राहिला तर काय करायचे हे पुण्यातच बोलून ठेवावे, नाहीतर त्या संध्याकाळी चेहरे उतरलेले पाहायला मिळतील. एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत असते. तिच्यासाठी आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवावे लागते, मग एखाद्या तिघांच्या गटात जागा मिळू शकते. ज्यांना दैवावर सोडायचेच नाही त्यांच्यासाठी आदल्या वर्षी अर्ज करून वेळ राखण्याचीही सोय आहे, आणि अधिकृत प्रवासी कंपन्यांमार्फत बऱ्याच जास्त पैशांत खात्रीची वेळही मिळते. हंगामातले साधे शुल्कच तीनशे पौंडांच्या वर आहे, म्हणून त्यावर आणखी दलाली देणे मला पटत नाही. पाच-सहा दिवस गावातच राहून रोज सोडतीत नाव द्यावे. हँडिकॅपचा अधिकृत दाखला मात्र बरोबर ठेवावा. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत लागू झाल्यामुळे भारतातल्या क्लबचा दाखला इथे समजावून सांगावा लागत नाही.

या मुक्कामात एक रविवार येईल असे पाहावे. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, काही मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर, आणि गावकरी मुलाबाळांना व कुत्र्यांना घेऊन त्याच फेअरवेवरून (होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) फिरतात. आपणही स्कोअरकार्ड हातात घेऊन पहिल्या होलपासून चालत निघावे, कारण हा कोर्स टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, पाहून समजत नाही. पूर्वी तो उलट दिशेने खेळला जात असे; त्यामुळे एकूण ११२ बंकरांपैकी (वाळूच्या खड्ड्यांपैकी) कित्येक आज टीवरून दिसतच नाहीत, आणि सुरेख मारलेला चेंडू कुठे नाहीसा झाला हे तिथे पोहोचल्यावरच कळते. हे बंकर आडासारखे उभ्या भिंतींचे आहेत. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरमधून बाहेर यायला १९९५ च्या ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धेत जॅक निकलॉस यांच्यासारख्या नामांकित खेळाडूलाही चार फटके लागले आणि त्या होलवर त्यांनी दहा मोजले. तेव्हा तिथे अडकलात तर चेंडू मागच्या बाजूने बाहेर काढण्यात कमीपणा मानू नये. सात ग्रीन जोडीने वापरले जातात आणि अशा प्रत्येक जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज अठरा होते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असे. हे ग्रीन इतके मोठे आहेत की चुकीच्या टोकाला पडलेल्या चेंडूला तीस-चाळीस यार्डांचा ‘पट’ (ग्रीनवर चेंडू घरंगळवत नेणारा फटका) मारावा लागतो. जाताना पांढरी आणि परतताना लाल निशाणे लावलेली असतात, त्यांतले आपले कोणते ते आधी पाहावे. सातव्या आणि अकराव्याचे फेअरवे एकमेकांना छेदतात, तिथे थांबून दुसऱ्यांना वाट द्यावी लागते. सर्वसाधारण नियम असा की शंका आली की डावीकडे मारावे. उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपे आणि हद्दीबाहेरची जमीन असते. सतराव्याला मात्र हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून चेंडू मारायचा असतो आणि ग्रीनच्या मागे रस्ता व भिंत आहे. तिथे पाच झाले तरी समाधान मानावे असे माझे प्रामाणिक मत आहे.

सोडत लागली नाही तर दिवस वाया गेला असे अजिबात नाही. त्याच जमिनीवर न्यू कोर्स आहे. नाव नवा असले तरी तो १८९५ सालचा, ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेला आहे आणि गावातल्या अनेक खेळाडूंचा ओढा त्याच्याकडेच जास्त असतो. १८९७ चा ज्युबिली अधिक अवघड, १९१४ चा ईडन सौम्य. २००८ साली सुरू झालेला कासल कोर्स कड्यावर आहे आणि देखणा आहे, पण त्याच्या ग्रीनवरचे चढउतार मला अतिरेकी वाटतात. दक्षिणेकडे फाइफच्या किनाऱ्यावर क्रेल येथे १७८६ साली स्थापन झालेल्या मंडळाचे दोन कोर्स आहेत, त्यांतला बाल्कोमी घ्यावा. त्याच्या पुढे ईली येथे पहिल्या टीसमोर चढ असल्यामुळे पुढचा गट दिसत नाही, म्हणून सुरुवात करून देणाऱ्याच्या खोपटात पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे आणि त्यातून पाहूनच खेळायची परवानगी मिळते. ईलीला पाच पारचा एकही होल नाही, त्यामुळे ज्यांचा फटका लांब जात नाही त्यांनाही तो सुखाचा जातो. किंग्जबार्न्स उत्तम आहे पण महाग आहे. त्या पैशांत क्रेल आणि ईली मिळून पैसे उरतील. यादीतले कार्नूस्टी तेवढे ठेवावे. सेंट अँड्र्यूजहून ते एका दिवसात जाऊन-येऊन होते, आणि अठराव्या होलवर बॅरी बर्न ओढा ज्या तऱ्हेने वाट अडवतो ते पाहिल्यावर १९९९ च्या ओपनमध्ये याच होलवर हातातली स्पर्धा घालवणाऱ्या जाँ व्हान द व्हेल्ड यांचे काय झाले असेल ते कळते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून जेवणाआधी सगळ्यांनी ‘हिमालयाज’ या सार्वजनिक पटिंगच्या मैदानावर जावे. ते १८६७ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या पटिंग क्लबचे आहे, शुल्क मामुली आहे, आणि तिथे २८ हँडिकॅपवाला १२ वाल्याला बिनदिक्कत हरवू शकतो.

गटातल्या असमान कुवतीविषयी थोडेसे. आठही जणांनी रोज एकूण फटके मोजायचे ठरवले तर तिसऱ्या दिवशी निम्मे लोक कंटाळतील. वाऱ्यात एका होलवर दहा-बारा होणे इथे नेहमीचे आहे. त्याऐवजी स्टेबलफर्ड पद्धतीने प्रत्येक होलचे वेगळे गुण मोजावेत, म्हणजे बिघडलेल्या होलवर चेंडू उचलून पुढे जाता येते आणि चार तासांच्या आत फेरी संपवण्याची ओल्ड कोर्सची अपेक्षाही पाळली जाते. जोड्या रोज बदलाव्यात. एका दिवसात दोन फेऱ्यांचा मोह टाळावा, कारण इथे सगळे चालत खेळायचे असते आणि भारतातल्यासारखा कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) प्रत्येकाला आपोआप मिळत नाही. तो आधी सांगून ठेवावा लागतो आणि त्याचे शुल्क व बक्षिसी वेगळी. ओल्ड कोर्ससाठी मात्र कॅडी घ्यावाच. येण्यापूर्वी एप्रिल-मे मध्ये, जमीन टणक असताना, सात नंबरच्या आयर्नने चेंडू जमिनीवरून पळवण्याचा आणि ग्रीनच्या बाहेरूनही पटर वापरण्याचा सराव करावा.

इथल्या मराठी खेळाडूंना भेटण्यासाठी मी मसलबरा ओल्ड लिंक्स सुचवीन. एडिनबराला लागून असलेला हा नऊ होलांचा कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात आहे, १८७४ ते १८८९ या काळात इथे सहा वेळा ओपन स्पर्धा झाली, आणि जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्यांचे क्लब भाड्याने घेऊनही खेळता येते. असे क्लब हाती आले की सगळेच जण सारखे नवशिके होतात, आणि नऊच होल असल्यामुळे एडिनबरा-ग्लासगोहून कुटुंबासह येणाऱ्यांनाही दिवसभर अडकून पडावे लागत नाही. शुल्क इतके कमी आहे की कोणाला संकोच वाटणार नाही. आपल्या पहिल्या मुक्कामातला शनिवार त्यासाठी राखावा. सकाळी चौघाचौघांचे मिश्र गट, प्रत्येकात पुण्याचे दोघे आणि इथले दोघे, आणि नंतर आमच्याकडे जेवण. फक्त शर्यती असतात त्या दिवशी तेथे खेळ होत नाही, म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी तारखा कळवाव्यात, म्हणजे शर्यतींचे वेळापत्रक पाहून दिवस नक्की करता येईल.